सिसेरो आणि चारशे दहा पावलं

माझ्या मुलीनं परवा फर्मान काढलं. "बाबा, आजोबांचं ते एकसष्टीतलं भाषण मला लिहून द्या. सांगू नका, लिहून द्या." तिच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे. विषय 'मला भावलेला वक्ता', आणि तिला घरचाच वक्ता न्यायचा आहे.

तिचं काही चुकलं नाही. आमच्या गोतावळ्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं आहे. बारसं असो, साखरपुडा असो, चार माणसं जमली की चहा येईपर्यंत मला पुढं करतात. वीज मंडळात खांबावर चढण्यात माझी निम्मी नोकरी गेली. लोकांनी मान वर करून आपल्याकडं बघावं ही सवय तिथूनच लागली असावी. माझ्या गोष्टींत सगळ्यात जास्त मागणी सरांच्या भाषणाला. मी उभा राहतो, खिशातून रुमाल काढतो, आवाज खाली आणतो. एकदा धाकटी मेव्हणी रडलीसुद्धा होती. पण वही पुढं घेऊन आज तीन दिवस झाले आणि एक ओळ उतरेना. त्याचं कारण शेवटी सांगावंच लागेल. आधी सर सांगतो.

सर म्हणजे माझे सासरे. इंदापूरच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. गाव त्यांना कांबळे सर म्हणायचं, आणि घरातही ते सरच होते. सासूबाई त्यांना "अहो सर" म्हणायच्या. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे त्या दिवशीच्या त्यांच्या कंबरदुखीवर अवलंबून असायचं. मूळ गाव बारामतीजवळचं कन्हेरी. छप्पन सालानंतर ज्या घरांनी जुनं सगळं सोडून दिलं आणि पोरांना शाळेत घातलं, त्यातलं हे घर. सर त्या घरातले पहिले मॅट्रिक, पहिले बीए, पहिले बीएड. सासूबाई पुढं जोडायच्या, "आणि पहिलेच रोमन."

याचा अर्थ मला बघण्याच्या कार्यक्रमात कळला. नव्वद साल नुकतंच ओलांडलं होतं, मी भिगवणला नोकरीला होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या बापानं पगार विचारावा, घर विचारावं, तर सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पाव्हणं, हरभऱ्याचा आणि रोमचा संबंध काय?"

मी माझ्या वडलांकडं बघितलं. वडील बशीत बघत होते. मी म्हणालो, "तिकडं बी पिकत असंल."

सर इतके खूश झाले की सुजाता मला मिळाली ती त्या उत्तरावर, असं मी अजून समजतो. सुजाता म्हणते, तसं काही नाही, दुसरं स्थळ आलंच नव्हतं.

संबंध असा होता. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सिसेरो नावाचा एक पुढारी आणि वक्ता होऊन गेला. त्याच्या आडनावाचा अर्थ हरभरा. कुणा पूर्वजाच्या नाकावर हरभऱ्याएवढी चामखीळ होती म्हणे. तो राजकारणात उतरला तेव्हा मित्र म्हणाले, हे कसलं नाव, बदलून टाक. तो म्हणाला, बदलणार नाही, हेच नाव मोठ्या मोठ्या घराण्यांच्या वर नेऊन ठेवतो. पुढं देवाला चांदीचं भांडं वाहिलं, त्यावर आपली पहिली दोन नावं कोरली आणि तिसऱ्याच्या जागी सरळ हरभऱ्याचं चित्र काढायला लावलं. हे सांगताना सरांचा आवाज हलायचा. कारण सर नोकरीला लागले तेव्हा इंदापुरात भाड्यानं खोली मिळेना. दोघा सहकाऱ्यांनी भल्याच्या भावनेनं सुचवलं होतं की कांबळे काढून टाका, कन्हेरीकर लावा, ऐकायलाही बरं वाटतं. सरांनी दोन महिने शाळेच्या प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत झोपून काढले, पण आडनाव हलवलं नाही. त्या दोन महिन्यांत सोबतीला एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, औरंगाबादला शिकत असताना रद्दीतून घेतलेलं, सिसेरोच्या चरित्राचं. पुढं त्यांच्या घरात हरभऱ्याला कुणी हरभरा म्हणेना. "उद्या सिसेरो भिजत घालू का?" असं सासूबाई विचारायच्या तेव्हा नवा पाहुणा दचकायचा.

"मुद्दा असा आहे, जावईबापू," सर म्हणायचे. त्यांचं प्रत्येक बोलणं तिथून सुरू व्हायचं. "त्याच्या घराण्यात आधी कुणी सत्तेवर गेलेलं नव्हतं. अशाला रोममध्ये 'नवा माणूस' म्हणायचे. आता नवा म्हटलं की आपल्याला वाटतं कौतुक. तसं नव्हतं. सभेत बसायला जागा द्यायची आणि दर चार वाक्यांनी आठवण करून द्यायची, की बाबा, तू नवा."

कन्हेरीतल्या एका तरुण कार्यकर्त्यानं एकदा त्यांना भरल्या घरात छेडलं होतं. "सर, तुमचा सिसेरो गुलाम ठेवायचा का न्हाय?"

"ठेवायचा."

"मग त्यानं आपल्याला दारात तरी हुबं केलं असतं का?"

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "नसतं केलं. मला काय त्याच्या दारात जायचं नाही. पण बोलणं ही काय त्याच्या बापाची जमीन नाही. ते आपण उचलायचं."

आणि उचललंही होतं. सर दिसायला किरकोळ. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, मान मात्र लांब. माईकपुढं आले की आधी खिशातून घडीचा रुमाल काढून माईक पुसायचे, मग नखानं दोनदा टक टक करायचे. लोक हसायचे. पण बोलायला लागले की आवाज न चढवता शेवटच्या रांगेत जायचा. ओरडणाऱ्या वक्त्यांच्या मुलखात हा माणूस हळू बोलायचा आणि लोक कान पुढं करायचे.

फक्त बोलायला मिळायचं नाही. चौदा एप्रिलला सर प्रमुख वक्ते. उरलेलं वर्षभर आभार. आमच्याकडच्या कार्यक्रमांत आभार हा प्रकार ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तीन तास भाषणं होतात, पाहुणे घड्याळ बघतात, आणि शेवटी एक मास्तर उभा राहून मंडपवाला, माईकवाला, पत्रकार, आचारी, 'ज्ञात-अज्ञात' असे सगळ्यांचे आभार मानतो. तो "मी सर्वांचे" म्हणेपर्यंत निम्मा मंडप उठलेला असतो. संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेत तळाला बारीक अक्षरात एक ओळ ठरलेली: 'आभार: श्री. कांबळे सर'. वीस वर्षांच्या पत्रिका सासूबाईंनी जपून ठेवल्या होत्या. एकीतही सर तळावरून एक ओळ वर सरकलेले नाहीत.

सरांना हे कळत नव्हतं असं नाही. ते स्वतःवर हसायचे. सिसेरो तरुणपणी सिसिलीत मोठी कामगिरी करून परत निघाला. त्याला वाटलं, सगळ्या रोमभर आपलंच नाव गाजतंय. बंदरावर ओळखीचा माणूस भेटला आणि विचारतो, "काय म्हणतंय रोम? तिकडची खबर काय?" हा रोमबाहेर गेला होता याचाच त्याला पत्ता नव्हता. सर म्हणायचे, "माझंही तसंच. चौदा एप्रिलला बारामतीत दीड तास बोललो, लोकांनी उचलून धरलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर रोजचा चहावाला म्हणतो, सर, काल तुमी न्हवता व्हय? लय झ्याक भाषान झालं एका मास्तरचं."

आता आबासाहेब. संस्थेचे अध्यक्ष. खरं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. मोठा ऊस, मोठं पोट, मोठा नमस्कार. वाईट माणूस म्हणावं तर तसे नव्हते. कुणाच्याही मयताला पहिले हजर. आमच्या भागात दहाव्याला नदीकाठी श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि आबासाहेबांना दर आठवड्याला एक-दोन दहावे असायचेच. ते मजकूर सर लिहून द्यायचे. शिपाई यायचा, "सर, सायबांनी सांगितलंय, उद्या पळसदेवला एक म्हातारी हाय." सर जेवण अर्धं टाकून लिहायला बसायचे. मला राग यायचा. सर म्हणायचे, "सिसेरोनंही सीझरची स्तुती केलीय, जावईबापू. ती पानं आली की मी भरभर उलटतो."

पण लिहायचे मनापासून, हीच तर गोम. म्हाताऱ्या बायांसाठी त्यांचं एक वाक्य होतं: 'ही माउली आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटेतले काटे वेचत राहिली.' आबासाहेब ते इतकं गळा भरून म्हणायचे की घाटावर बायका पदर डोळ्याला लावायच्या. ते वाक्य सरांनी कुणाकडं बघून लिहिलं होतं ते मला माहीत होतं. आक्काकडं बघून.

आक्का ही सरांची थोरली बहीण. लहानपणीच आईबाप गेले, आणि हिनं दुसऱ्याच्या रानात खुरपून भावाला शिकवलं. लग्न झालं, नवरा लवकर गेला, ती कन्हेरीत माहेरीच राहिली. बोलणं खुरप्यासारखं. मला पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "जावाई हाय का खांब हाय? जरा वाकत जा की."

कन्हेरीत सरांच्या वस्तीपासून मसणवाटेकडं जाणारी एक जुनी पायवाट होती. मधली जमीन आबासाहेबांनी घेतली, बांध नांगरले, वाटेवर ऊस लावला. वाट कागदावर राहिली, पायाखाली राहिली नाही. अर्ज झाले, अर्जांवर अर्ज झाले. कुणी गेलं की तिरडी उसातून न्यायची. पाणी दिलेलं असलं की नडगीएवढा चिखल, खांदेकरी घसरायचे, गेलेल्या माणसाचं तोंड उसाच्या पात्यांनी ओरखडायचं. एकदा एक म्हातारा तिरडीवरून कलंडला. त्या दिवसापासून आक्काचा धीर सुटला. मरायला भीत नव्हती, जायच्या वाटेला भीत होती.

ती इंदापूरला आली, भावापुढं मांडी घालून बसली. "तू येवढा जगाचं बोलतूस. माज्यासाठनं एक डाव बोल की. मला त्या चिखलातनं नेऊ नगा रे."

सर म्हणाले, "बोलतो, आक्का."

"कवा?"

"एकसष्टीला."

आबासाहेबांची एकसष्टी शाळेच्या मैदानावर व्हायची होती. मंत्री येणार होते, दोन्ही तालुक्यांतले पुढारी येणार होते. अर्ज वाचत नाहीत त्या सगळ्यांचे कान एका मंडपात. पत्रिका आली. तळाला: 'आभार: श्री. कांबळे सर'. सरांनी पत्रिका माझ्यापुढं नाचवली. "मुद्दा असा आहे, जावईबापू. बाकी सगळ्यांची भाषणं आधी आबासाहेबांच्या बंगल्यावर वाचून दाखवायची आहेत. आभार कोण तपासतंय?"

पुढच्या रविवारी मला घेऊन ते भिगवणला मासे खायला गेले. हे विशेष होतं, कारण सर मासे जपून खायचे. काट्यापेक्षा सासूबाईंना भ्यायचे. तळलेली चिलापी पुढं आली आणि सरांनी मिलोची गोष्ट काढली. मिलो नावाच्या मित्रावर खुनाचा खटला होता. सिसेरो त्याच्या बाजूनं बोलायला उभा राहिला, चौकात चहूबाजूंनी सैनिक बघितले आणि त्याची जीभ अडखळली. मित्राला हद्दपार व्हावं लागलं. मग सिसेरोनं घरी बसून ते भाषण झकास लिहून काढलं आणि मित्राला पाठवलं. मिलोनं उलट टपालानं कळवलं, बरं झालं तू हे त्या दिवशी बोलला नाहीस, नाहीतर मला इथले एवढे चांगले मासे कुठून खायला मिळाले असते!

मी हसलो. सर हसले नाहीत. काटा बाजूला काढून ठेवत म्हणाले, "तो घाबरला होता. मीही घाबरणार. नोकरीची सहा वर्षं राहिलीत, पेन्शन त्यांच्या सहीवर आहे. पण मी लिहून वाचणार नाही. कागद हातात असला की मी लेखनिक होतो, माणूस राहत नाही." मग पिशवीतून दोनशे पानी वही आणि नवं बॉलपेन काढून त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "सिसेरोकडं टायरो होता. तो बोलायचा, टायरो टिपून घ्यायचा. म्हणून ते आज आहे. टायरो गुलाम होता, नंतर मुक्त केला. तुम्हाला मी आधीच मुक्त समजतो. एवढं एक टिपून घ्या."

मी मान हलवली. मासे खरंच चांगले होते.

एकसष्टीचा दिवस. सकाळी दहाचा कार्यक्रम, मंत्री दीडला आले. शाली, नारळ, साडेतीन फुटी तसबिरी. आक्का कन्हेरीहून दोन बायांना घेऊन एसटीनं आली होती, पुढून तिसऱ्या रांगेत डोईवरचा पदर सावरून बसलेली. मी कडेच्या खुर्चीवर, मांडीवर वही, हातात पेन. वहीवर तारीख टाकली, 'सरांचे भाषण' असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. भाषणं चालू राहिली. तीन वाजले. मंडपामागं जिलबीच्या कढया चढल्या होत्या आणि वारा आमच्या बाजूचा होता.

चारच्या सुमाराला आबासाहेबांचं सत्काराला उत्तर संपलं. मंत्री उठले, आबासाहेब उठले, पुढची रांग उठली. सर माईककडं निघाले. त्याच वेळी आमच्या ऑफिसातला एक दोस्त कानाशी आला. "दाजी, पहिली पंगत बसली. चल. मागनं नुसता मठ्ठा राहतोय."

"आभार ऐकायचेत."

"आभार? आरं, मंडपवाल्यापास्नं शिपायापतुर नावं घेणार ते. धा मिंटं कुठं न्हाईत. तवर जेवून येशील."

आणि मी हिशोब केला. ही माझी बुद्धी. आभारात आधी नावांची यादी असते. दहा मिनिटं मंडप, माईक, आचारी. खरं बोलणं त्यानंतर. मी सकाळी सहाला घर सोडलेलं. मी वही खुर्चीवर ठेवली, जागा धरल्यासारखी, आणि गेलो.

सर त्या दिवशी यादीला हात लावणार नाहीत, हे मला सुचायला हवं होतं. सिसेरोनं राज्य उलथायला निघालेल्या माणसाला भर सभेत गाठलं, तेव्हा नमस्कार नाही, प्रस्तावना नाही, पहिल्या वाक्यालाच त्याच्याकडं वळून सवाल टाकला, ही गोष्ट मी सरांकडून शंभर वेळा ऐकली होती. जेवताना ऐकली होती, झोप लागताना ऐकली होती. त्या दिवशी जिलबीच्या वासात ती आठवली नाही.

मी सहा जिलब्या खाल्ल्या. हात धुवून परत आलो तेव्हा सर माईक पुसत होते. मला वाटलं, आता सुरू करतायत. ते बोलून झाल्यावर पुसत होते.

मंडपात खुर्च्या होत्या. तीन बाया होत्या. माईकवाल्यानं कर्णे आधीच उतरवले होते, त्याला संध्याकाळी दुसरीकडं लग्न होतं. सर शेवटपर्यंत मुक्या माईकपुढं बोलत होते, नुसत्या गळ्यानं. पंगतीत मंत्र्यांशेजारी बसलेल्या आबासाहेबांच्या कानावर एक शब्द गेला नाही. माझ्याही गेला नाही. सरांनी कडेच्या खुर्चीकडं बघितलं. वही होती. मी तिच्यामागं उभा होतो, मिशीला पाक लागलेला.

त्यांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. सुजाता पुढं आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि मी गयावया केल्यावर एवढंच म्हणाली, "कोरी वही द्यायची लाज वाटत असंल तर जिलबी डकवा तिच्यात."

मी आक्काला गाठलं. "आक्का, सर काय काय बोलले?"

"लय चांगलं बोलला."

"पण काय?"

"त्याला नाव घिऊन इचारलं. आबा म्हनला, सायब न्हाय म्हनला. वस्तीपास्नं मसणवट्यापतुर चारशे धा पावलं हायती म्हनला. मोजून आलता तो. चारशे धा पावलं तुमी आमाला देना, आन्..." आक्का थांबली. "म्होरलं मला न्हाय सांगता यायचं. मी रडत व्हती."

एवढंच. बाकीचं भाषण, जे मी बारशा-साखरपुड्यांत सांगत आलो, ज्यानं मेव्हणी रडली, ते मी रचलेलं आहे. वहीत नुसतं 'सरांचे भाषण' आणि खाली दोन रेघा. पोरी, तुझा बाप टायरो नव्हता. तो पहिल्या पंगतीत होता.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी सरांना बंगल्यावर बोलावलं. आम्ही सगळे गार. सासूबाईंनी मनातल्या मनात पेन्शनवर पाणी सोडलं. तासाभरानं सर परत आले, हातात शाल आणि नारळ. आबासाहेब म्हणाले होते, "सर, काल आभार झ्याक झालं म्हनं. तुमच्याबिगार आमचा कार्यक्रम पुरा व्हईत न्हाय." आणि लगेच, "उद्या दोन दहावे हायती, तेवढं बघा."

सरांनी नारळ कोपऱ्यात ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सिसेरोचं डोकं आणि हात तोडून भाषणाच्या चौथऱ्यावर टांगले होते. ज्याच्यावर तो बोलला त्याच्या बायकोनं म्हणे त्याच्या जिभेला डोक्यातली पिन टोचली. मी पोरांना शिकवताना सांगायचो, बघा केवढा जुलूम." शाल खुर्चीवर टाकली. "जुलूम कसला! ऐकलं होतं म्हणून टोचली. मला शाल दिली."

आणि लिहायला बसले. दोन दहावे होते ना.

मला वाटलं होतं, ते पुन्हा बोलतील. एकदा हुकलं तर दुसरा मंडप. पण सरांचं काहीतरी त्या मंडपात राहून गेलं. चौदा एप्रिलला बोलवलं तर म्हणायचे, घसा बरा नाही. सिसेरोचं पुस्तक कपाटावर गेलं. घरात हरभऱ्याला हरभरा म्हणायला लागले, कुणी ठरवलं नव्हतं. पत्रिकेच्या तळाशी नाव मात्र येत राहिलं आणि सर जाऊन यादी वाचत राहिले, मंडपवाल्यापासून शिपायापर्यंत, एकही नाव न चुकवता.

दोन वर्षांनी आक्का गेली. ऐन उन्हाळ्यात, पण आदल्याच दिवशी उसाला पाणी दिलेलं होतं. मुद्दाम दिलं असंही नाही; पाळी होती. आम्ही तिला त्या चिखलातूनच नेलं. मी पुढच्या डाव्या खांद्याला होतो, उंच म्हणून तिरडी कलायची, आणि मी सारखा वाकत होतो. माझ्या मागं सर. ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, बुद्धाच्या गाथा म्हणतायत. कान दिल्यावर ऐकू आलं: दोनशे अकरा, दोनशे बारा.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीला, सगळा समाज जमला. विहाराच्या पुढं छोटा मांडव, एकच कर्णा. आबासाहेब स्वतः आले, पांढरे कपडे, जोडलेले हात. येणारच, कुणाच्याही मयताला पहिले हजर. पोरांनी मानानं त्यांना माईक दिला. त्यांनी खिशातून कागद काढला. सरांचं अक्षर मी लांबूनही ओळखलं असतं. कुणा दुसऱ्या म्हातारीचा मजकूर होता, नाव खोडून वर आक्काचं लिहिलेलं. सर पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते.

"ही माउली," आबासाहेब म्हणाले आणि त्यांचा गळा खरोखर भरून आला, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटेतले काटे वेचत राहिली."

बायकांनी पदर डोळ्याला लावले.

मग संचालन करणारा पोरगा म्हणाला, "आता आभार, आपले कांबळे सर." या वेळी कुणी उठलं नाही. जेवण अजून लागलं नव्हतं, आबासाहेब समोरच बसले होते, कर्णा जागेवर होता, पाचशे माणसं गप्प. मी तीच वही नेली होती. दोन रेघांच्या खालचं पान उघडलं, पेन धरलं. छेडणारा तो कार्यकर्ता एव्हाना मिशीवाला झाला होता; तोही गुडघ्यावर उठून बसला. सगळ्यांना माहीत होतं, आता बोलतील.

सरांनी रुमाल काढला, माईक पुसला. नखानं दोनदा टक टक केलं. मांडवापलीकडं उसाचा हिरवा पट्टा दिसत होता; त्यांनी तिकडं बघितलं, मग आबासाहेबांकडं, मग माझ्या वहीकडं. लांब मान थोडी पुढं काढली. सिसेरोचंही शेवटी असंच, मारेकरी आल्यावर पालखीचा पडदा सारून त्यानं फक्त मान बाहेर काढली, असं तेच सांगायचे.

"सर्वांचे आभार," सर म्हणाले.

आणि माईक पुन्हा एकदा पुसून दोन्ही हातांनी माईकवाल्याच्या हातात दिला.

मी ते लिहून घेतलं. पोरी, त्या वहीत एवढी एकच ओळ आहे.